डंडीची जन्मभराची जागा

स्कॉटलंडमधल्या डंडीला मी काही तिथले एकेकाळचे खासदार चर्चिल शोधायला गेले नव्हते. तिथल्या विद्यापीठात शिकणाऱ्या भाच्याला भेटायचं आणि ताईने सोलापूरहून दिलेली किलोभर शेंगाचटणी त्याच्या हाती सोपवायची, एवढाच बेत होता. तो मला घ्यायला एडिनबरोपर्यंत आला. फोर्थ नदीवरचा तांबडा अवाढव्य पूल ओलांडून गाडी फाइफ परगण्यात शिरली आणि पठ्ठ्याने सुरुवात केली, "मावशी, २०१७ साली या भागातला खासदार दोन मतांनी निवडून आला होता."

"दोन हजार?"

"दोन. एक, दोन."

खरंच दोन. नॉर्थ ईस्ट फाइफ, स्कॉटलंडचं स्वातंत्र्य मागणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीचे स्टीवन गेथिन्स, १३,७४३ विरुद्ध १३,७४१. दोन वर्षांनी ते पडले आणि २०२४ मध्ये नदीपलीकडच्या आर्ब्रोथ अँड ब्रॉटी फेरी या नव्या मतदारसंघातून पुन्हा लोकसभेत, म्हणजे त्यांच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये गेले. या वेळी मताधिक्य होतं ८५९. माझ्या घरात निवडणूक हा कायमचा जेवणाचा विषय. वडील गिरणीत कामाला होते आणि मतमोजणीच्या दिवशी रेडिओपुढून हलायचे नाहीत. ते बाळकडू भाच्यापर्यंत पोचलेलं पाहून बरं वाटलं.

ल्यूकर्स स्टेशन गेलं की थोड्या वेळाने टे नदीचं पात्र समोर येतं. पात्र कसलं, खाडीच ती. पुलावर गाडी वळण घेते तेव्हा उजवीकडच्या खिडकीतून पाण्यात रांगेने उभे असलेले दगडी खुंट दिसतात. ते आधीच्या पुलाचे पाय. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री वादळात तो पूल आगगाडीसकट कोसळला, गाडीतलं कोणीही वाचलं नाही. पूल संपता संपता डाव्या हाताला नदीकाठी एक मोठं हिरवं मैदान दिसतं, मॅग्डलेन ग्रीन. डंडीच्या निवडणुकीची गोष्ट सांगायची तर ती तिथूनच सुरू करावी लागेल.

१८१९ च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टरला मताधिकार मागणाऱ्या सभेवर घोडेस्वार घातले गेले, माणसं मारली गेली. त्याच्या निषेधाची सभा नोव्हेंबरमध्ये या मैदानावर भरली आणि त्यात जॉर्ज किनलॉक नावाचा जमीनदार बोलला. जमीनदार असून सामान्य माणसाला मत द्या म्हणणारा! सरकारने राजद्रोहाचा खटला भरला, किनलॉक फ्रान्सला निसटला, इकडे त्याला फरारी घोषित केलं. पुढे माफी मिळून तो परतला. १८३२ च्या सुधारणा कायद्याने डंडीला पहिल्यांदा स्वतःचा खासदार मिळाला, तो हाच किनलॉक. दोनच महिने जेमतेम संसदेत बसला आणि १८३३ मध्ये लंडनला वारला. आल्बर्ट स्क्वेअरमध्ये मॅकमॅनस संग्रहालयाच्या आवारात त्याचा पुतळा आहे. जवळच रॉबर्ट बर्न्स आणि व्हिक्टोरिया राणीही आहेत. ज्या माणसाला सरकारने पळवून लावलं त्याचा पुतळा राणीच्या शेजारात, याची मला गंमत वाटली. भाच्याला वाटली नाही. त्याला भूक लागली होती.

त्याला ब्रायडी हवी होती. ब्रायडी म्हणजे खिम्याची भलीमोठी करंजी समजा. इथली बोली इतकी वेगळी की इंग्रजी 'पाय' (pie) हा शब्द ही मंडळी 'पेह' असा म्हणतात, आणि दुकानातल्या बाईंनी मला काय विचारलं ते तीनदा ऐकूनही कळलं नाही. मी मान डोलावली आणि कांदा घातलेली ब्रायडी मिळाली.

दुपारी पाऊस लागला म्हणून व्हरडंट वर्क्समध्ये गेलो. जुन्या ताग गिरणीचं हे संग्रहालय. इथे मात्र मी दोन तास रमले. ताग बंगालचा. कलकत्त्याहून जहाजं भरून यायचा, देवमाशाच्या तेलात मऊ व्हायचा (डंडी हे देवमाशांच्या शिकारीचंही बंदर, म्हणून तेल घरचंच), मग त्याची पोती विणून जगभर जायची. आपल्याकडे बारदान म्हणतो तेच. पुढे हुगळीकाठी गिरण्या उभ्या राहिल्या, त्या चालवायला डंडीचेच मुकादम आणि मॅनेजर गेले, आणि त्याच गिरण्यांनी डंडीचा धंदा खाल्ला. शेवटची ताग गिरणी इथे १९९९ मध्ये बंद झाली. प्रात्यक्षिकाला एक यंत्र सुरू केलं, तेव्हा शेजारी उभा असलेल्या भाच्याचे नुसते ओठ हलताना दिसले. गिरणीतल्या बायका ओठ वाचूनच बोलायच्या म्हणे.

हो, बायकाच. कारण त्यांची मजुरी कमी. लग्न झालेल्या बायकाही कामाला आणि पुरुष बेकार, असं घरोघरी. घरी बसून चहाचं आधण ठेवणाऱ्या नवऱ्यांना इथे 'केटल बॉयलर' असं टोपणनाव होतं. विणकर बाया हॅट आणि हातमोजे घालून कामावर जायच्या आणि सूतकताईवाल्यांकडे जरा वरूनच बघायच्या. गिरणगावात उतरंड नाही असं कुठे होतं?

हे सगळं डोक्यात ठेवून आता १९०८ मध्ये चला.

विन्स्टन चर्चिल तेव्हा लिबरल पक्षात, वय ३३. मंत्रिमंडळात घेतले गेले. त्या काळी नव्या मंत्र्याला पुन्हा निवडून यावं लागायचं. मँचेस्टरच्या पोटनिवडणुकीत ते पडले. नेमकं त्याच वेळी डंडीच्या एका खासदाराला लॉर्ड करून वरिष्ठ सभागृहात धाडलं गेलं आणि जागा रिकामी झाली. चर्चिल आले, प्रचारात त्रास एकच झाला: मेरी मलोनी नावाची आयरिश बाई. बायकांच्या मताधिकाराबद्दल ते काही बोलले होते, त्याची माफी मागा म्हणून ही बाई भलीमोठी घंटा घेऊन सभेत हजर. चर्चिलनी तोंड उघडलं की घंटा. एक सभा तर त्यांना सोडून जावं लागलं. तरी २,७०९ मतांनी आले. आईला पत्रात लिहिलं होतं, ही जागा जन्मभराची आहे, आणि स्वस्तातली.

त्या निवडणुकीत चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर एडविन स्क्रिमजर होते. मतं ६५५.

चर्चिलपेक्षा मला हा माणूस फार आवडला. स्क्रिमजर डंडीचेच, धार्मिक, समाजवादी आणि दारूचे हाडवैरी. स्कॉटिश प्रोहिबिशन पार्टी नावाच्या चिमुकल्या पक्षाचे संस्थापक. पाव शतक उलटलं तरी म्हणणं एकच: दारूबंदी. १९१० मध्ये दोन सार्वत्रिक निवडणुका झाल्या, दोन्हींत उभे राहिले आणि पडले. १९१७ मध्ये चर्चिल पुन्हा मंत्री झाले म्हणून पोटनिवडणूक लागली. महायुद्धामुळे बाकी पक्षांनी उमेदवार दिला नाही, हे मात्र उभे. ७,३०२ विरुद्ध २,०३६. पडले. १९१८ ला १०,४२३ मतं घेऊन पडले. आपल्याकडे अशा माणसाला 'पडेल उमेदवार' म्हणून चहाच्या टपरीवर हसतात. पण आकडे ओळीने वाचा: ६५५, मग २,०३६, मग १०,४२३. हसणाऱ्यांनी तेव्हाच हसू आवरायला हवं होतं.

१९१८ मध्ये तिशीपुढच्या बऱ्याच बायकांना मत मिळालं, आणि मालमत्तेची अट गेल्यामुळे गिरणीतल्या सगळ्या पुरुषांनाही. मतदारांची संख्या फुगली. युद्ध संपल्यावर तागाची मागणी घसरली, बेकारी वाढली. लोखी हा डंडीचा भाग तर आयरिश कामगारांनी भरलेला (कॉक्स गिरणीची उंच नक्षीदार चिमणी अजून आहे, बघून या), आणि चर्चिल युद्धमंत्री असताना आयर्लंडमध्ये 'ब्लॅक अँड टॅन्स' या ब्रिटिश सरकारच्या जादा पोलीस दलाने जे अत्याचार केले ते तिथे कोण विसरणार? डंडीतली दोन्ही मोठी वर्तमानपत्रं डी. सी. थॉमसन यांच्या मालकीची. एकेकाळी एक लिबरल, एक कन्झर्व्हेटिव. १९२२ मध्ये दोन्ही चर्चिलवर उलटलेली.

त्यात ऐन निवडणुकीआधी चर्चिलांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन. पत्नी क्लेमेंटाइन दोन महिन्यांची मुलगी बरोबर घेऊन प्रचाराला आली, तर लोक तिच्यावर थुंकले. चर्चिल शेवटच्या चार दिवसांत पोचले, खुर्चीत बसवून सभेला नेले गेले. ड्रिल हॉलमधल्या सभेत लोकांनी बोलूच दिलं नाही.

इथे मतदानाची पद्धत समजून घ्यायला हवी. डंडीचे खासदार दोन, म्हणून प्रत्येक मतदाराला मतं दोन. आपल्याकडेही १९५२ आणि १९५७ ला असे दुहेरी मतदारसंघ होते. मुंबईत डॉ. आंबेडकर पडले ते अशाच मतदारसंघात, आणि माझ्या सोलापुरातूनही १९५२ ला शंकरराव मोरे आणि पां. ना. राजभोज असे दोघे गेले होते. डंडीत १९२२ ला मजूर पक्षाने उमेदवार एकच दिला: ई. डी. मॉरेल, काँगोमधले बेल्जियमच्या राजाचे अत्याचार जगापुढे आणणारा आणि महायुद्धाला विरोध केला म्हणून तुरुंगात गेलेला माणूस. मग मजूर पक्षाच्या मतदाराने दुसरं मत कुणाला द्यायचं? पंधरा वर्षं दारात येणारे स्क्रिमजर होतेच.

निकाल लागला. स्क्रिमजर ३२,५७८. मॉरेल ३०,२९२. चर्चिलचे जोडीदार मॅक्डॉनल्ड २२,२४४. चर्चिल २०,४६६. चौथे. ज्या क्रमांकावर १९०८ ला स्क्रिमजर होते, बरोबर त्याच. नंतर चर्चिल स्वतःच विनोदाने म्हणायचे की क्षणार्धात मी पद, जागा, पक्ष आणि अपेंडिक्स, चारही गमावून बसलो.

माझ्या मते मात्र इथे दारूबंदी जिंकलीच नाही. डंडीकर काही एका रात्रीत सोवळे झाले नव्हते. स्क्रिमजरनी १९२३ मध्ये दारूबंदीचं विधेयक मांडलं तेव्हा अख्ख्या सभागृहात त्यांच्या बाजूने १४ मतं पडली! लोकांना चर्चिल नको होते, आणि हा ओळखीचा, गल्लीतला, न विकला जाणारा माणूस समोर होता. तरी निव्वळ दारूबंदीच्या पक्षावर ब्रिटिश संसदेत निवडून गेलेला हा एकमेव खासदार, आणि नऊ वर्षं टिकला. १९३१ च्या लाटेत पडला. तेव्हा निवडून आलेल्या दोघांत फ्लॉरेन्स हॉर्सब्रो होत्या, डंडीच्या पहिल्या स्त्री खासदार. घंटावाल्या मेरीनंतर तेवीस वर्षांनी.

पाऊस थांबल्यावर लॉ टेकडीवर चढलो. १७४ मीटर म्हणजे आपल्या हिशेबाने टेकाडच, पण वारा असा की बोलता येईना. वर युद्धस्मारक आहे. खाली अख्खं गाव, नदी, पूल, पलीकडे फाइफ. दुहेरी मतदारसंघ १९५० मध्ये मोडून पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले. पश्चिम अनेक दशकं मजूर पक्षाचा बालेकिल्ला. पूर्वेला १९७४ मध्येच स्कॉटिश नॅशनल पार्टीचे गॉर्डन विल्सन आले आणि १९८७ पर्यंत टिकले. २०१४ मध्ये स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावरच्या सार्वमतात देशाने 'नाही' म्हटलं, पण डंडीने ५७ टक्क्यांनी 'हो' म्हटलं. पुढच्याच वर्षी पश्चिमेचा बालेकिल्लाही ढासळला.

चर्चिलचं काय, तर १९४३ मध्ये, ऐन युद्धात, नगरपालिकेने त्यांना शहराचं मानाचं नागरिकत्व देऊ केलं. ठराव १६ विरुद्ध १५ ने मंजूर झाला. म्हणजे तेव्हाही गाव एकमताने विसरायला तयार नव्हतं. चर्चिलनी ते नाकारलं. ते पुन्हा इकडे फिरकले नाहीत असं म्हणतात. मी असते तर मीही फिरकले नसते.

उतरताना भाच्याने एक साधासा हॉल दाखवला, दाराला कुलूप. "मी इथे मत दिलं. ४ जुलै २०२४."

"तू? भारतीय पासपोर्टवर?"

"कॉमनवेल्थ देशाचे नागरिक इथे राहत असले तर चालतं. ओळखपत्र म्हणूनही तोच पासपोर्ट दाखवला." डंडी सेंट्रल. स्कॉटिश नॅशनलचे क्रिस लॉ ६७५ मतांनी आले. स्क्रिमजरच्या पहिल्या ६५५ पेक्षा वीस जास्त.

"बोटाला शाई?"

"छे. पेन्सिल देतात, फुली मारायची."

"पेन्सिल! खोडली म्हणजे?"

"मावशी, अगं..."

"बरं, फुली कुणाला मारलीस?"

"१८७२ पासून गुप्त मतदान आहे इथे," तो म्हणाला, आणि उरलेल्या ब्रायडीवर शेंगाचटणी पसरू लागला.