भोसरीची कॅलिब्रेशन लॅब: हौशी लेथवाल्यांसाठी

घरच्या शेडमध्ये छोटं लेथ चालवणारे आम्ही काही जण नुकतीच भोसरी एमआयडीसीतली मोजायची साधनं बरोबर मोजतात का ते तपासणारी, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची एक कॅलिब्रेशन लॅब पाहून आलो. तुम्ही गेलात तर भर मे महिन्यातही स्वेटर घेऊन जा. आत कायम २० अंश सेल्सिअस. लांबी मोजायचं प्रमाण तापमान १९३१ पासून जगभर तेच आहे.

हा थंडावा चैनीचा नाही. १०० मिमी पोलाद एका अंशाला साधारण १.१५ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) वाढतं, अ‍ॅल्युमिनियम त्याच्या दुप्पट. पत्र्याच्या शेडमध्ये ३८ अंश असतील, तर मायक्रोमीटर (स्क्रूनं जाडी मोजायचं साधन) आणि जॉब (घडवायचा तुकडा) दोन्ही पोलादी असल्यावर फारसं बिघडत नाही, दोघं बरोबरीनं वाढतात. पण १०० मिमीचा अ‍ॅल्युमिनियमचा जॉब तिथे तब्बल २० मायक्रॉन जास्त दाखवतो. छोटी इंजिनं बनवणाऱ्यांनी हे शेडच्या भिंतीवर लिहून ठेवावं.

सीएमएम (जॉबला टोक टेकवून तिन्ही दिशांत मापं घेणारं) मशीन सगळ्यांना दाखवतात, माणिकाच्या टोकाचा प्रोब वगैरे. छान आहे, पण आपल्या कामाचं नाही. खरा वेळ स्लिप गेजच्या, म्हणजे ठरावीक जाडीच्या अचूक ठोकळ्यांच्या, टेबलाशी घालवा. योहानसन या स्वीडिश माणसाला १८९६ मध्ये सुचलेले हे ठोकळे पुसून, एकमेकांवर सरकवून फिरवले की असे चिकटतात की वरचा उचलला तर खालचाही लोंबकळत येतो. मग वर ऑप्टिकल फ्लॅट (अगदी सपाट काच) ठेवून प्रकाशाच्या पट्ट्या दाखवायला सांगा. पट्ट्या सरळ आणि समांतर दिसल्या तर पृष्ठभाग सपाट.

सगळ्यात उपयोगी पडलं ते मायक्रोमीटर तपासणं. आपण ५, १०, १५ मिमीवर बघून खूश होतो. पण स्क्रूचा पिच (एका फेरीत सरकतो ते अंतर) अर्ध्या मिमीचा, म्हणजे थिंबल (फिरवायचा आकड्यांचा भाग) दर वेळी त्याच शून्यावर थांबतो आणि एका फेरीच्या आतला दोष लपून राहतो. तिथे २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९ असं बघतात. दर वेळी थिंबल वेगळ्या जागी. एवढं तर घरीही जमतं. साधा स्लिप सेट पुरे.

स्वतःचा मायक्रोमीटर तपासून घ्यायचा असेल तर आदल्या दिवशी पोचता करा, म्हणजे तो रात्रभर खोलीच्या तापमानाला येतो. प्रमाणपत्रात प्रत्येक मापावरची चूक आणि अनिश्चितता आकड्यांत मागा. नुसत्या ‘ओके’च्या शिक्क्याला पैसे देऊ नका. महिनाअखेर टाळा, तेव्हा कंपन्यांच्या गेजेसचा ढीग असतो. फोटो विचारूनच काढा, टेबलावर गिऱ्हाइकांचे जॉब असतात. मेट्रोनं नाशिक फाट्याला उतरून रिक्षा केली की झालं.

आणि सेट विकत घेतलाच, तर चिकटवलेले ठोकळे रात्रभर तसेच ठेवू नका. सोडवा, पुसा, तेलाचा हात फिरवून डबीत ठेवा. पावसाळ्यात तर नक्कीच.