मोळी सोडावी लागंल

42 वजा 17. तिसरीच्या फळ्यावर मी गणित मांडलं आणि वीसपैकी तेरा पोरांच्या पाटीवर उत्तर आलं 35. दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढले. त्यांच्या लेखी प्रश्न मिटला. मी ठेवणीतलं वाक्य काढलं, "शेजारच्या चाराकडून एक उसना घ्यायचा." मागच्या ओळीतून आवाज आला, "आणि परत कधी द्यायचा ओ बाई?"

वर्ग हसला. मीही हसले, पण मुलगा बरोबर विचारत होता. आपण उसना घेतो म्हणतो आणि परत कधीच देत नाही.

दाराजवळ ती बसलेली होती. बीडकडच्या ऊसतोड टोळीतली, दिवाळीनंतर आलेली, मांडीवर धाकटी बहीण. दाखला नव्हता. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही आणि वयानुसार वर्ग द्यावा लागतो, म्हणून तिसरीत बसवलं. खरं सांगायचं तर बसवलं आणि विसरले. भिंतीवर शाहू महाराजांची तसबीर आहे. 1917 साली त्यांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, हे मी दर 26 जूनला भाषणात सांगते. दारातून आत आलेल्या मुलाचं पुढं काय करायचं, ते माझ्या भाषणात नसतं.

त्या दिवशी काय वाटलं कुणास ठाऊक, मी कपाटातली गणित पेटी काढली. ती कुलपात असायची. काड्या हरवल्या तर डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या रजिस्टरला, भरून कोण देणार? डीएडला "मूर्ताकडून अमूर्ताकडे, ज्ञाताकडून अज्ञाताकडे" ही सूत्रं मी तोंडपाठ करून लिहिली होती, मार्कही चांगले पडले होते. मूर्त मात्र कपाटात.

दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या टेबलावर मांडल्या. "सतरा काड्या मला द्या." पोरं दोन सुट्या काड्यांकडं बघत राहिली. दाराजवळून ती म्हणाली, "मोळी सोडावी लागंल."

एवढंच. उसना नाही, हातचा नाही. मी तिला पुढं बोलावलं. बहिणीला कडेवर घेऊनच आली, एका हातानं एका गठ्ठ्याचं रबर ओढलं, सुट्या काड्यांत त्यातल्या काड्या मिसळल्या, सात मोजून बाजूला काढल्या आणि एक अख्खी मोळी माझ्या हातात ठेवली. मग राहिलेलं मोजलं.

"चोवीस."

"पंचवीस," मी म्हणाले. आवाजात बाईपणा आलाच.

तिनं परत मोजलं. चोवीस. पोरं उठून टेबलाभोवती गोळा झाली, सगळ्यांनी मिळून मोजलं, चोवीसच. मी सगळ्या काड्या एकत्र केल्या तर एकूण एक्केचाळीस भरल्या. तिनं सोडलेल्या गठ्ठ्यात नऊच काड्या होत्या. रबराचा गठ्ठा दिसला की दहा, असं मी धरून चालले होते. पेटी आल्यापासून कुणी मोजलंच नव्हतं.

"मोळी मोजून बांधली नव्हती," ती मला म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, नुसतं सांगितलं. उसाच्या मोळीत कांड्या ठरलेल्या नसतात, हे तिला माहीत होतं. म्हणून ती सोडून बघणार आणि मोजणार. मी वीस वर्षं गठ्ठ्याला दशक म्हणत आले.

पुढचा तास भाषेचा होता, तो झालाच नाही. पोरांनी सगळे गठ्ठे सोडले, मोजून पुन्हा बांधले, 35 लिहिणारे तेराही जण आपापली मोळी सोडून 25 पर्यंत आले. उसना कधी द्यायचा विचारणारा गडी म्हणाला, "बाई, हे घेतलंच न्हाई कुणाकडनं. आपलंच हाय की."

मार्चअखेर टोळी गेली. तिच्यासोबत शिक्षण हमी कार्ड दिलं, पुढच्या शाळेत दाखवायला.

पेटीला आता कुलूप नाही. अकरा काड्या हरवल्यात. रजिस्टरवर अजून शंभरच आहेत.