फराळाच्या डब्यासोबत जाणारा कागद

परदेशी जाणाऱ्या पार्सलात काय भरावे, याची चर्चा आपल्याकडे महिनाभर आधी सुरू होते. पार्सलासोबतच्या कागदावर, म्हणजे सीमाशुल्काच्या घोषणापत्रावर, काय लिहावे, याचा विचार मात्र टपाल कार्यालयाच्या खिडकीसमोर, मागे रांग उभी असताना केला जातो. न्यू जर्सीत राहून दरवर्षी ठाण्याहून येणाऱ्या फराळाची वाट पाहताना माझे मत पक्के झाले आहे की, तो कागद आईवडिलांवर न सोपवता परदेशात राहणाऱ्या मुलांनी आपल्याकडे घ्यावा. नियम आपण राहतो त्या देशाचे असतात, ते वाचणे आपल्याला सोपे असते, आणि खिडकीवर अडवणूक होते ती मात्र त्यांची.

२०२५ ची दिवाळी या दृष्टीने विशेष कठीण गेली. आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांना अमेरिकेत असलेली शुल्कमाफी त्या वर्षी २९ ऑगस्टपासून संपली. शंभर डॉलरपर्यंतच्या खऱ्या भेटवस्तूंची सवलत कायदेशीरपणे कायम होती. पण उरलेल्या टपालावरचे शुल्क कोणी व कसे गोळा करायचे याची व्यवस्थाच तयार नसल्यामुळे विमान कंपन्यांनी टपाल नेण्यास नकार दिला आणि भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची सेवा थांबवली. सुरुवातीला पत्रे, कागदपत्रे आणि शंभर डॉलरपर्यंतच्या भेटी यांना मुभा होती. काही दिवसांतच तीही गेली. सेवा पूर्ववत झाली १५ ऑक्टोबरला, आणि लक्ष्मीपूजन होते २१ ऑक्टोबरला. ज्यांना खाजगी कुरिअरचा दर परवडला त्यांचा फराळ वेळेत पोहोचला. ज्यांची भिस्त टपालावर होती त्यांच्या घरी तो दिवाळीनंतर आला. सेवा सुरू झाली तेव्हा या भेटी वगळता इतर पार्सलांवर जाहीर किमतीच्या ५० टक्के शुल्क भारतातच आगाऊ भरावे लागत होते. म्हणजे ‘भेटवस्तू’ हा रकाना आणि त्यापुढची किंमत यांना पूर्वी नव्हते इतके वजन आले.

हा रकाना सीमाशुल्काच्या घोषणापत्रात असतो. पूर्वी ते पत्र पार्सलाला चिकटवले की काम संपत असे. आता त्यातील मजकूर पार्सल निघण्यापूर्वीच संगणकाद्वारे पोहोचणाऱ्या देशाकडे पाठवावा लागतो. अमेरिकेने यासाठी २०१८ मध्ये कायदाच केला. त्यामुळे खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने घाईत ‘खाद्यपदार्थ’ एवढेच टंकले, तर परदेशातील अधिकाऱ्यासमोर तेवढेच जाते. मी आईला ओळीने तपशील लिहून पाठवते: घरी केलेली तळलेली चकली, घरी केलेले बेसनाचे लाडू, पोह्यांचा चिवडा, प्रत्येकाचे वजन, प्रत्येकाची किंमत. किंमत शून्य लिहू नये आणि उगीच फुगवूही नये. साहित्याला जो खर्च आला तो लिहावा.

यात एक तरतूद अशी आहे की ती प्रत्येक मराठी घराला ठाऊक असायला हवी. २००२ च्या कायद्यानुसार अमेरिकेत येणाऱ्या अन्नाची पूर्वसूचना तेथील अन्न व औषध प्रशासनाला द्यावी लागते. मात्र एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या घरी बनवून, स्वतःच वैयक्तिक भेट म्हणून दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले अन्न यातून वगळले आहे. आईच्या हातच्या लाडवांसाठी कायद्याने ठेवलेली ही जागा मला फार मोलाची वाटते. तिचा अर्थ नीट पाहावा: पार्सल पोचवायला भाऊ गेला, तरी पाठवणाऱ्याच्या जागी आईचेच नाव असावे, आणि मिठाईच्या दुकानातून आणलेली बाकरवडी त्यात घातली तर तिला ही सवलत लागू होत नाही.

प्रेमापोटी डब्याशेजारी सरकवलेली आंबेमोहोर तांदळाची पिशवी मात्र पूर्ण पार्सल अडवू शकते. खापरा नावाच्या धान्यकिड्याच्या भीतीने भारतातून घरगुती स्वरूपात तांदूळ पाठवण्यास अमेरिकेत बंदी आहे, आणि २०२१ पासून काही सुक्या कडधान्यांनाही ती लागू झाली. युरोपीय संघात वैयक्तिक पार्सलांतून दूध व मांसाचे पदार्थ चालत नाहीत, म्हणून जर्मनीतल्या मावशीला पेढे आणि तूप धाडू नये. दुबई किंवा सिंगापूरला अनारसे जाणार असतील तर ते खसखशीविना करावेत, कारण तेथे खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात येते.

खोक्याचे मापही महत्त्वाचे. कुरिअर कंपन्या बहुधा लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि येणारा आकडा खऱ्या वजनाहून अधिक असेल तर त्याप्रमाणे पैसे घेतात. चाळीस, तीस आणि तीस सेंटिमीटरच्या खोक्यात चार किलो फराळ असला, तरी आकारणी ७.२ किलोची होते. चिवडा जागा खातो, लाडू वजन खातात. म्हणून चकलीचे कडक डबे आधी बसवून मधल्या फटींत चिवड्याच्या लहान पिशव्या दाबाव्यात. करंज्या पाठवूच नयेत असे माझे मत आहे; त्या इथे करून घेणे बरे.

उलट दिशेचा प्रवास अधिक अवघड आहे. डिसेंबर २०१९ पासून टपालाने किंवा कुरिअरने येणारी वस्तू ‘भेट’ म्हणून शुल्कमुक्त सोडवून घेण्यास भारतात मनाई आहे. अपवाद दोनच, जीवरक्षक औषधे आणि राखी. राखीसोबतच्या भेटवस्तूला सवलत नाही, हेही त्या अधिसूचनेत स्पष्ट म्हटले आहे. म्हणून मी इथून भावाला पाकिटातून फक्त राखी पाठवते. त्याच्या मुलांसाठीची पुस्तके आणि खाऊ भारतातल्याच दुकानातून मागवून त्याच्या पत्त्यावर पोहोचवते. त्यांना शुल्क भरावे लागत नाही, आणि कोणा अधिकाऱ्याला आधार कार्डाची प्रतही द्यावी लागत नाही.