आलेपाक आणि ज्वालामुखी

परवा भरदुपारी मंडईबाहेर कांद्याच्या गोण्या लादलेली अ‍ॅपे माझ्या पुढ्यात येऊन थांबली आणि मला एकदम स्ट्रॉम्बोली आठवलं. इटलीतल्या त्या बेटावर गल्ल्या एवढ्या अरुंद की सामानसुमान सगळं ह्याच तीनचाकीतून फिरतं, आणि आपण मात्र बारामतीची गाडी इथे कशी म्हणून बघत राहतो. बारामतीत गाडी बनवणारी पियाज्जो कंपनी मूळची इटलीचीच, ते सोडा.

तर तिथे जायला नेपल्सहून रात्रीची फेरी असते. रात्री आठच्या सुमारास सुटते, सकाळी सहाच्या आसपास पोचवते. हायड्रोफॉइल नावाची वेगवान बोट जवळपास निम्म्या वेळात नेते, पण तिच्या काचा बंद, आणि समुद्र जरा खवळला की आधी तीच रद्द. शिवाय मला जागायचंच होतं. बोटीत झोपायचं नाही हे आजीने डोक्यात पक्कं बसवलंय. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसलो रे बसलो की ती माझ्या तोंडात आलेपाकाची वडी कोंबायची, वर म्हणायची, डोळे मिटलेस तर बोट लागेल, लांब बघ. लांब म्हणजे कुठे ते कधी सांगितलं नाही. मी आपली डिझेलच्या वासात, चुरचुरणारी जीभ बाहेर काढून लांब बघत बसायचे, आणि आजी स्वतः पाचव्या मिनिटाला पदर तोंडावर घेऊन घोरायला लागायची.

नेपल्स सुटलं तेव्हा मागे व्हेसुव्हियस ज्वालामुखी होता, १९४४ नंतर गप्प झालेला. आणि पुढचा हा स्ट्रॉम्बोलीचा ज्वालामुखी असा की दर दहा-वीस मिनिटांनी काहीतरी उडवल्याशिवाय ह्याला चैन नाही, म्हणून तर जुने खलाशी त्याला भूमध्य समुद्राचं दीपगृह म्हणायचे. खाली खुर्च्यांवर लोक वेडेवाकडे होऊन झोपलेले, काही जण तर सरळ जमिनीवर आडवे. मी डेकवर, कानाला मफलर, हात कठड्याला चिकचिकलेले. अजून अंधार होता तेव्हाच तो दिसला. शेगडीवर फुंकर मारल्यासारखा लाल फुलला, विझला. आवाज काही नाही, नुसती इंजिनाची घरघर. मग परत काहीच नाही इतका वेळ की मला वाटलं भास झाला, आणि परत फुलला.

२०१९ च्या जुलैत तिथे मोठा स्फोट होऊन एक ट्रेकर गेला, तेव्हापासून शिखरापर्यंत कुणाला सोडत नाहीत. त्यामुळे चढायचा प्रश्नच नव्हता. बेटावर काय काय पाहिलं म्हणून लोक विचारतात तेव्हा जरा पंचाईतच होते, कारण खोलीवर पोचले आणि दुपारपर्यंत ढाराढूर झोपले.