बॉक्स फाईल उकलून बघा

ऑफिसातल्या स्टेशनरीची मागणी माझ्याकडून जाते. त्यामुळे 'प्लास्टिकचे ट्रे काढून बांबूचे घेऊ या, पर्यावरणाला बरं' अशी सूचना अधूनमधून माझ्याच टेबलावर येते. सुचवणाऱ्याची तळमळ खरी असते, तरीही मी नाही म्हणते. आमचे पॉलिप्रॉपिलिनचे ट्रे धडधाकट आहेत. ते बनवायला लागलेलं तेल आणि वीज कधीच खर्ची पडली. आता ते टाकले तर कचरा वाढणार आणि नव्या वस्तूचा भार वेगळाच. शिवाय बांबूचा ट्रे म्हणजे बहुतेक वेळा रेझिनने, म्हणजे कृत्रिम डिंकाने, चिकटवलेल्या पट्ट्या असतात. कंपोस्टमध्ये टाकण्याजोगं त्यात फारसं काही नसतं.

कुठलीही वस्तू घेताना मी दोनच गोष्टी बघते: ती किती वर्षं चालेल, आणि निकामी झाल्यावर तिचे भाग सुटे होतील का.

दुसऱ्या प्रश्नावर बॉक्स फाईल साफ नापास होते. एक फाटकी फाईल मी स्क्रूड्रायव्हरने उकलून बघितली. लोखंडी क्लिप रिव्हेटने ठोकलेली, ती उपटताना पुठ्ठा फाटला. वरचं पीव्हीसी प्लास्टिकचं आवरण सोलायला घेतलं तर पुठ्ठ्याचा पापुद्रा त्याच्याबरोबरच निघाला. पुठ्ठ्याचा लगदा होतो, लोखंड वितळवता येतं. पण एकमेकांना असे चिकटल्यावर भंगारवालाही त्यांना हात लावत नाही. इतर काही मिसळण्याआधीच्या शुद्ध पीव्हीसीमध्ये वजनाने सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतं. असा कचरा उघड्यावर पेटवला की हायड्रोजन क्लोराईड आणि डायॉक्सिन ही विषारी द्रव्यं हवेत जातात. म्हणून मला ही फाईल सगळ्यात जास्त खुपते.

लॅमिनेशनचंही तेच. कागदावर दोन्ही बाजूंनी प्लास्टिकची फिल्म वितळत्या गोंदाने बसते आणि चांगला कागद रद्दीतून कायमचा बाद होतो. काही महिन्यांत बदलणारी सूचना लॅमिनेट कशाला करायची? पारदर्शक स्लीव्हमध्ये घाला, आतला कागद बदलत राहा.

स्टेपलच्या पिनांची मात्र लोक उगाच काळजी करतात. कागद गिरणीत लगदा होताना त्या जाळीत आणि चुंबकावर वेगळ्या होतात. पिना उपसत बसण्यापेक्षा रद्दीतले प्लास्टिकचे स्लीव्ह काढा, तो वेळ सत्कारणी लागेल. १९८० पासून बाजारात असलेल्या पिवळ्या चिकट चिठ्ठ्याही बहुतेक ठिकाणी रद्दीत चालतात. भडक निऑन रंग लगद्यातून काढणं अवघड जातं, म्हणून ते मी मागवत नाही.

सगळ्यात मोठा भार मात्र फाईलच्या आत असतो. कागदाचा तंतू दर पुनर्वापरात आखूड होतो. साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर तो कामाचा राहत नाही. एकाच मेलच्या तीन प्रिंट तीन विभागांच्या फायलींत लागलेल्या मी नेहमी बघते. त्या निघाल्या तर निम्म्या फायली आपोआप रिकाम्या होतील, असं माझं ठाम मत आहे.

आता स्टेशनरीच्या कपाटात खालचा एक कप्पा परत आलेल्या फायलींसाठी ठेवलाय. काम संपलं, कागद जपायची मुदत उलटली, की रिकामी फाईल तिथे येते. पाठीवर नवं लेबल लावलं की ती पुन्हा कामाला लागते. यंदाच्या मागणीत बॉक्स फाईल नाहीत, लेबलांचे ताव तेवढे मागवलेत.