लय आणि पट्टी काढण्याआधी

चित्रपटाच्या ऑर्केस्ट्राची लय-पट्टी काढायची, तर आधी आवाज कुठून घेतलाय ते बघा. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमने चालतो, पाल (PAL, एक टीव्ही-पद्धत) डीव्हीडीवर बहुधा 25 ने पळतो. 120 ची लय (म्हणजे मिनिटाला 120 ठोके) 125 होते आणि (स्वर दुरुस्त केला नसेल तर) सूर सुमारे 70 सेंट चढतो (100 सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर). मग काळी पाचची चीज ना काळी पाचला लागते, ना पांढरी सातला. ट्यूनरवर चिडू नका, रेकॉर्डिंग 96 टक्के वेगाने वाजवा.

जुने क्लिक ट्रॅक (वादकांना लय देणारी टिकटिक) फ्रेममध्ये मोजत. बारा फ्रेमला एक टिक म्हणजे 120. त्यामुळे 110.77 असला विचित्र आकडा आला, तर पूर्णांक करू नका. तो तेरा फ्रेमचा क्लिक असू शकतो.

संथ व्हायोलिनची 60 ची लय सॉफ्टवेअर बऱ्याचदा 120 सांगतं. तिथे पायाने धरलेला ठेकाच खरा.

पट्टीत मोठा घोटाळा मेजर-मायनरचा. बी फ्लॅट मेजर आणि जी मायनर, दोन्हीत सूर तेच. डबल बास शेवटी कुठे विसावतो ते ऐका. आणि मायनर दिसलं की नोंदीत मूडपुढे ‘उदास’ लिहून मोकळं होऊ नये. तीच पट्टी हॉर्न आणि टिंपनीवर (ऑर्केस्ट्रातले नगारे) चक्क लढाऊ वाटते.