अ‍ॅक्सिलरेटर दिला की शिट्टी: गाडीत अ‍ॅम्प बसवण्याचा माझा अनुभव

अ‍ॅम्पबरोबर, म्हणजे स्टीरिओचा आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरबरोबर, आलेल्या पुस्तिकेत बेस कमी-जास्त करायच्या नॉबला अख्खं पान दिलंय. अर्थच्या, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडे परत नेणाऱ्या, तारेला मात्र एक ओळ: ‘काळी तार गाडीच्या बॉडीला जोडावी.’ बॉडीला म्हणजे नेमकी कुठे, जोडल्यावर ती नीट बसली हे कसं ओळखायचं, याबद्दल अवाक्षर नाही. आणि माझं सगळं घोडं अडलं ते नेमकं अर्थवर.

बाकीचं काम निवांत झालं. पुढच्या-मागच्या दारांत चार स्पीकर, डिकीत ४ चॅनलचा अ‍ॅम्प, बॅटरीपासून मागेपर्यंत ८ गेजची (चांगलीच जाड) लाल पॉवरची तार. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला आधीच एक रबरी बूच असतं, त्यातूनच तार आत घेतली. उघड्या पत्र्याच्या कडेवरून तार कधीही नेऊ नका; हादऱ्यांनी तिचं आवरण कापलं जातं आणि पुढचा प्रकार थेट आगीपर्यंत जातो.

गाणं लावलं, आवाज झकास. इंजिन सुरू केलं आणि सगळ्या स्पीकरांतून बारीक शिट्टी यायला लागली. अ‍ॅक्सिलरेटर दिला की तिचा सूर वर चढायचा, पाय काढला की खाली. गाणं बंद असलं तरी ती चालूच. कानाशी डास घोंगावत असताना झोपायचा प्रयत्न केलाय ना कधी? तसंच.

मग सल्ले सुरू झाले. पहिला: आरसीए केबल (स्टीरिओतून गाणं अ‍ॅम्पपर्यंत नेणारी) आणि पॉवरची तार गाडीच्या वेगवेगळ्या बाजूंनी न्या. माझ्या पहिल्यापासूनच तशा होत्या. दुसरा: पॉवरच्या तारेवर नॉइज फिल्टर लावा. लावला, फरक शून्य. तिसरा: अ‍ॅम्पचा अर्थ कच्चा असणार. तिथला रंग पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासला होता आणि तार हातभरसुद्धा लांब नव्हती. तरी उघडून पुन्हा घट्ट केला. शिट्टी जशीच्या तशी. चौथा: आरसीएच्या वाटेवर आयसोलेटर (दोन्हीकडचे अर्थ एकमेकांपासून तोडणारी डबी) टाका. त्याने शिट्टी जाते हे खरं, पण आत छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि स्वस्तातला असेल तर खालचा बेस खाऊन टाकतो. ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच घालवायचं? इथे मात्र मी हट्टाला पेटले.

सल्ले देणाऱ्या एकानेही ‘आधी आवाज कुठून आत येतोय ते शोध’ असं म्हटलं नाही, याचा राग अजून आहे. शोधायची पद्धत इतकी सोपी आहे! इंजिन चालू ठेवून अ‍ॅम्पमधून आरसीएच्या पिना काढल्या. शांतता. म्हणजे अ‍ॅम्प, त्याची पॉवर, स्पीकरच्या तारा सगळं ठीक. आवाज आरसीएच्या वाटेने येतोय. मग स्टीरिओऐवजी मोबाईल थेट अ‍ॅम्पला जोडला. गाणं स्वच्छ, शिट्टी गायब. त्याच मोबाईलला गाडीतला चार्जर लावला आणि शिट्टी परत हजर! पिन काढली, गेली. लावली, आली.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. अल्टरनेटर मुळात एसी वीज बनवतो, डायोड तिची डीसी करतात, पण थोडी लहर उरतेच आणि इंजिनाच्या वेगाबरोबर तिचा सूर चढतो. स्टीरिओ आणि अ‍ॅम्प वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ झालेले असतात. त्या दोन जागांमध्ये थोडा जरी व्होल्टेजचा फरक असला, तरी आरसीएच्या बाहेरच्या जाळीतून करंट वाहतो. ती लहर गाण्यात मिसळते आणि अ‍ॅम्प इमानेइतबारे तिलाही मोठी करतो. नुसत्या बॅटरीवर चालणारा मोबाईल गाडीच्या अर्थला कुठेच जोडलेला नव्हता, म्हणून त्याचा आवाज स्वच्छ.

मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवला. आरसीए काढलेले, इंजिन, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. एक टोक स्टीरिओच्या पत्र्याच्या खोक्याला, दुसरं अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलला. आकडा पन्नाशीच्या घरात. ब्लोअर बंद केला की खाली यायचा. म्हणजे स्टीरिओचा अर्थ कंपनीच्या वायरिंगमधल्या ज्या बारीक तारेतून जात होता, तीच तार ब्लोअरचं ओझंही वाहत होती. स्टीरिओच्या खोक्यापासून डॅशबोर्डमागच्या बॉडीला वेल्ड केलेल्या पट्टीपर्यंत जाड तार टाकली, तिथलाही रंग घासला. आकडा ५च्या खाली आला. इंजिन सुरू केलं, अ‍ॅक्सिलरेटर दाबला, आणखी दाबला. काही नाही! शेजारून जाणाऱ्यांना वाटलं असेल, ही बाई उभ्या गाडीत रेस कशाला करतेय.

अर्थ तपासताना मीटर ओहमवर ठेवून समाधान मानू नका. तारेचा एक तंतू जरी टेकलेला असला तरी तिथे शून्याच्या आसपासच आकडा दिसतो. करंट वाहत असताना व्होल्टेज किती पडतं ते बघा, खरं काय ते तिथे कळतं.

हो, आणि हे अगदी सुरुवातीला करायचं: कुठलीही तार जोडण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा, कारण तो अ‍ॅम्पसाठी नसतोच, तारेसाठी असतो. दारात स्पीकर कसण्याआधी काच पूर्ण खाली करून बघा, मॅग्नेटला लागत नाही ना. दाराच्या पॅडमागचं प्लास्टिक फेकू नका, पावसाचं पाणी तेच अडवतं. स्पीकरचं प्लस-मायनस कळत नसेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर सेलचं प्लस ज्या टोकाला ते प्लस. एक जरी उलटा लागला तर बेस हवेतल्या हवेत विरतो.

खोक्यावरच्या वॅटना भुलू नका. माझ्या अ‍ॅम्पच्या खोक्यावर १००० छापलंय आणि अ‍ॅम्पवर फ्यूज ३० अँपिअरचा. ३० गुणिले १४ व्होल्ट म्हणजे आत जाणारेच ४२० वॅट, क्लास एबी प्रकारच्या अ‍ॅम्पमध्ये त्यातले साधारण निम्मे उष्णतेत जातात. उरले दोनशेच्या आसपास, म्हणजे चार स्पीकरांना ५०-५०. आरएमएसचा, म्हणजे सतत देता येणाऱ्या पॉवरचा, आकडा नेमका तेवढाच होता, अर्थात बारीक अक्षरात.

अ‍ॅम्पवरचा गेनचा नॉब म्हणजे आवाजाचं बटण नव्हे; स्टीरिओकडून आलेला सिग्नल किती वाढवायचा ते तो ठरवतो. ४ ओहमच्या स्पीकरला ५० वॅट म्हणजे १४.१ व्होल्ट. स्पीकर काढून, स्टीरिओ तीन चतुर्थांश आवाजावर ठेवून १ किलोहर्ट्झचा टोन लावा. मीटर एसीवर ठेवून अ‍ॅम्पच्या आउटपुटला लावा आणि तेवढे व्होल्ट येईपर्यंतच गेन फिरवा. दारातल्या छोट्या स्पीकरांना हायपास (खालचा बेस अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झच्या आसपास लावलात तर ते फडफडत नाहीत.

थोडे दिवस वापरल्यावर फ्यूज होल्डरचे आणि अर्थचे स्क्रू पुन्हा एकदा कसा. तारेचे तंतू दबून बसतात आणि जोड सैल होतो. तासभर गाणी वाजवून झाल्यावर फ्यूज होल्डरला हात लावून बघा. चांगलाच गरम लागला, तर जोड बहुधा सैल आहे.